‘रक्त शुद्ध करणारा फिल्टर लावू का?’ : सही करण्याआधी हे वाचा

आयसीयूच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकांचे प्रश्न गेली काही वर्षं एकाच वळणाचे येत आहेत. ‘इन्फेक्शन रक्तात पसरलंय, रक्त शुद्ध करणारा फिल्टर लावायचा म्हणतात, लावू का?’ ‘बाबांना किडनीचा कधी त्रास नव्हता, मग डायलिसिस कशाला?’ ‘एक फिल्टर लावून झाला, आता दुसरा मागवायचा म्हणतात, पैसे कुठून आणायचे?’ विचारणाऱ्यांना उत्तर तासाभरात हवं असतं. समोर संमतिपत्र असतं आणि घरातलं कुणीतरी ‘जे जे शक्य आहे ते सगळं करा’ असं डॉक्टरांना आधीच सांगून बसलेलं असतं.

हा लेख अशा घरांसाठी आहे. सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद इतका बिघडणं की रुग्णाचे स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागावेत. त्यात रक्तदाब औषधांशिवाय टिकेनासा झाला आणि लॅक्टेट वाढलेलं राहिलं की त्याला सेप्टिक शॉक म्हणतात. तुमच्या रुग्णाला असं काही झालं असेल आणि रक्त शरीराबाहेर काढून, गाळून परत सोडणाऱ्या उपचाराबद्दल तुम्हाला विचारलं जात असेल, तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट विचारून घ्या

‘डॉक्टर, हे मशीन किडनी काम करत नाही म्हणून लावताय, की इन्फेक्शनचे विषारी घटक काढायला लावताय?’

हा प्रश्न पहिला, कारण बाहेरून दोन्ही उपचार सारखेच दिसतात. मानेत किंवा जांघेत जाड कॅथेटर, शेजारी पडद्याचं मशीन, नळ्यांतून फिरणारं रक्त. पण एक उपचार अनेक दशकांचा, मान्य आणि गरज असेल तेव्हा जीव वाचवणारा आहे. दुसऱ्याने सेप्सिसमध्ये जीव वाचतात हे मोठ्या अभ्यासांतून अजून सिद्ध झालेलं नाही. पहिल्याला घाबरून नकार देणं आणि दुसऱ्यासाठी शेत गहाण टाकणं, या दोन्ही चुका आपल्याकडे सर्रास होतात.

किडनीसाठी डायलिसिस सांगितलं असेल तर

सेप्सिसमध्ये मूत्रपिंडं बंद पडणं फार नेहमीचं आहे. रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडांना रक्त कमी पोचतं, सूज येते, लघवी कमी होते, क्रिएटिनिन चढतं. अशा वेळी डायलिसिस मूत्रपिंडांचं काम तात्पुरतं उचलून धरतं. रुग्णाला पूर्वी किडनीचा आजार असायलाच हवा असं नाही.

‘एकदा डायलिसिस लागलं की जन्माचं लागतं’ ही भीती मला सगळ्यात घातक वाटते. तिच्यापायी लोक गरज असलेला उपचार दोन-दोन दिवस लांबवतात. सेप्सिसमधून वाचलेल्या बहुतेक रुग्णांची मूत्रपिंडं पुरेशी सुधारतात आणि डायलिसिस थांबतं. मधुमेह, जुना रक्तदाब किंवा आधीपासून वाढलेलं क्रिएटिनिन असेल तर धोका जास्त असतो, हे खरं. पण डायलिसिस केल्यामुळे मूत्रपिंडं कायमची बंद पडत नाहीत. ती ज्या कारणाने बंद पडली, ते कारण किती खोलवर गेलंय यावर पुढचं अवलंबून असतं.

कोकणातलं उदाहरण घ्या. भातलावणीच्या दिवसांत, पुराच्या पाण्यात वावरल्यावर लेप्टोस्पायरोसिस होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईनेही त्याची साथ पाहिली. अंगदुखी, ताप, मग डोळे पिवळे आणि लघवी बंद, अशा अवस्थेत तरुण शेतकरी दवाखान्यात येतो. या आजारात वेळेवर केलेलं डायलिसिस जीव वाचवतं आणि मूत्रपिंडं बहुधा पूर्ववत होतात. ब्राझीलमध्ये झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, लवकर सुरू करून रोज डायलिसिस केलेल्या लेप्टोच्या गंभीर रुग्णांत मृत्यू बरेच कमी आढळले होते. तेव्हा लेप्टोच्या रुग्णाला डायलिसिस सांगितलं तर ‘बघू उद्या’ म्हणू नका.

मग नेहमीच घाई करायची का?

नाही. इतर प्रकारच्या सेप्सिसमध्ये चित्र वेगळं आहे. फ्रान्समध्ये सेप्टिक शॉक आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या ४८८ रुग्णांवर झालेला ‘आयडियल-आयसीयू’ हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना लगेच डायलिसिस सुरू केलं, निम्म्यांना ४८ तास थांबून. नव्वद दिवसांनंतर मृत्यूचं प्रमाण लवकरच्या गटात ५८ टक्के आणि थांबलेल्या गटात ५४ टक्के, म्हणजे लवकर सुरू करून काही लाभ दिसला नाही. थांबलेल्या गटातल्या ३८ टक्के रुग्णांना डायलिसिस करावंच लागलं नाही. त्यातल्या बऱ्याच जणांची मूत्रपिंडं आपसूक सुधारली.

या गोष्टी असतील तर मात्र थांबायचं नसतं:

- पोटॅशियम धोकादायक पातळीला गेलंय. त्या अभ्यासात ६.५ च्या पुढची पातळी तातडीची मानली होती. ईसीजीत बदल दिसत असतील तर आणखीच घाई.
- रक्तातलं आम्ल वाढून पीएच ७.१५ च्या खाली आलंय.
- फुप्फुसांत पाणी साचलंय आणि लघवीच्या इंजेक्शनांनी ते उतरत नाही.
- शरीरातली घाण साचून रुग्ण गुंगीत आहे, झटके येतायत किंवा हृदयाच्या आवरणाला सूज आली आहे.

म्हणून ‘क्रिएटिनिन वाढलंय’ एवढंच कारण सांगितलं गेलं तर नम्रपणे पुढे विचारा: पोटॅशियम किती, पीएच किती, दिवसभरात लघवी किती झाली? हे तीन आकडे कुठल्याही आयसीयूत तयार असतात.

सीआरआरटी की स्लेड?

सीआरआरटी म्हणजे चोवीस तास संथ चालणारं डायलिसिस. स्लेड म्हणजे साध्या डायलिसिस मशीनवरच, पण सहा ते बारा तास हळू चालवलेलं. सीआरआरटीचा रोजचा खर्च स्लेडच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे हा प्रश्न विचारण्यात संकोच नको. ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन’ या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या २०२१ च्या सूचनांप्रमाणे सेप्सिसच्या रुग्णाला सलग किंवा टप्प्याटप्प्याने, कोणत्याही पद्धतीने डायलिसिस दिलं तरी चालतं. जीव वाचण्यात एकीने दुसरीवर मात केल्याचं दिसलेलं नाही.

मेंदूला सूज असेल तर सीआरआरटीच बरं. रक्तदाब अगदीच दोरीवर असेल तेव्हाही डॉक्टर तेच पसंत करतात. याखेरीज भारतातल्या कितीतरी चांगल्या आयसीयूंत शॉकमधल्या रुग्णांना स्लेडवर सांभाळतात आणि उत्तम सांभाळतात. ‘इथे सीआरआरटी नाही’ एवढ्याच कारणावरून अस्थिर रुग्णाला दोन तासांच्या प्रवासाला काढणं बहुधा शहाणपणाचं नसतं.

जास्त वेगाने, जास्त प्रमाणात रक्त गाळलं तर जास्त फायदा होईल, ही कल्पनाही तपासून झाली आहे. सेप्टिक शॉकच्या रुग्णांत दुप्पट वेगाने गाळून पाहिलेल्या २०१३ च्या ‘आयव्हॉयर’ अभ्यासात त्याचा लाभ दिसला नाही.

आता तो महागडा फिल्टर

यात प्रामुख्याने तीन प्रकार तुमच्या कानावर येतील. पहिला, सायटोकाइन शोषणारी कार्ट्रिजं: सायटोसॉर्ब, एचए ३३० आणि त्यांसारखी इतर. दुसरा, एंडोटॉक्सिन नावाचं जंतूंचं विष पकडणारा पॉलिमिक्सिन-बी फिल्टर, म्हणजे टोरेमिक्सिन. तिसरा, ऑक्सिरिस, जो सीआरआरटीच्या मशीनवरच लागतो आणि डायलिसिसबरोबर शोषणाचंही काम करतो. याशिवाय कधी कधी प्लाझ्मा एक्स्चेंज सुचवलं जातं. किमती काही हजारांपासून एका कार्ट्रिजला लाखाच्या आसपास किंवा त्याहून वर जातात. बऱ्याचदा एकाने भागत नाही.

यामागचा विचार पटण्याजोगा आहे. सेप्सिसमध्ये शरीर इंटरल्युकिन-६ सारखी दाहाची रसायनं (सायटोकाइन) बेसुमार सोडतं, अवयवांना इजा होते. मग ती रसायनं रक्तातून काढून टाकली तर? अडचण अशी, की त्यातली काही रसायनं जंतूंशी लढायलाही लागतात आणि फिल्टरला मित्र-शत्रू कळत नाही. शिवाय रक्तात दिसतं त्याहून बरंच काही पेशींच्या आत, ऊतींमध्ये चाललेलं असतं.

पॉलिमिक्सिन-बी फिल्टरची कहाणी यात सगळ्यात बोलकी आहे. जपानमध्ये तो १९९४ पासून वापरात आहे. इटलीत पोटातल्या जंतुसंसर्गाच्या ६४ रुग्णांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. फिल्टर लावलेल्यांत मृत्यू ३२ टक्के, न लावलेल्यांत ५३ टक्के. आशा उंचावली, अभ्यास मध्येच थांबवला गेला. मग फ्रान्समध्ये त्याच प्रकारच्या रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. २०१५ मध्ये आलेल्या निकालात फायदा दिसला नाही. उलट फिल्टरच्या गटात मृत्यू थोडे जास्तच होते, जरी तो फरक योगायोगाचाही असू शकला असता. त्यानंतर अमेरिका आणि कॅनडातल्या ४५० रुग्णांवरच्या अभ्यासाचा निकाल २०१८ मध्ये आला: फिल्टर लावून ३७.७ टक्के मृत्यू, न लावता ३४.५ टक्के. रक्तातल्या एंडोटॉक्सिनची पातळी ठरावीक पट्ट्यात असलेल्या रुग्णांना कदाचित उपयोग होत असावा, एवढी शक्यता त्यातून उरली आणि तिचा वेगळा पाठपुरावा झाला. पण २०२१ च्या सूचनांत हा फिल्टर सेप्सिसमध्ये न वापरण्याकडेच तज्ज्ञांनी कौल दिला. इतर प्रकारच्या रक्तशुद्धीबद्दल शिफारस करण्याइतका पुरावाच नाही, असंही त्यांनी नोंदवलं.

सायटोकाइन शोषणाऱ्या कार्ट्रिजबद्दल ‘लावल्यावर बीपीची औषधं कमी झाली’ असं तुम्हाला सांगितलं जाईल. काही रुग्णांत, काही लहान अभ्यासांत तसं दिसलेलं आहे. पण औषधाचा डोस उतरणं आणि माणूस घरी जाणं यांत अंतर असतं. जर्मनीत फ्रायबर्गमध्ये कोविडमुळे एक्मोवर, म्हणजे शरीराबाहेरून रक्ताला ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर गेलेल्या ३४ रुग्णांवर सायटोसॉर्बचा अभ्यास झाला. २०२१ मध्ये त्याचा निकाल आला तेव्हा तीस दिवसांनी कार्ट्रिज लावलेल्या १७ पैकी ३ जण जिवंत होते, न लावलेल्या १७ पैकी १३. ज्या इंटरल्युकिन-६ साठी ते लावलं, त्याची पातळीही त्यामुळे अधिक उतरली नव्हती. अभ्यास लहान होता, रुग्ण खास प्रकारचे होते, त्यावरून सगळ्या सेप्सिसबद्दल निकाल देता येणार नाही. तरी ‘लावून तर बघू, तोटा तर नाही ना’ हे वाक्य इथे खरं ठरत नाही, इतकं यावरून नक्की कळतं.

फिल्टर सुचवणारा प्रत्येक डॉक्टर पैशांसाठी सुचवतो, असं मी मुळीच मानत नाही. तिशीतला रुग्ण डोळ्यांसमोर हातातून निसटत असतो, सगळं करून झालेलं असतं आणि डॉक्टरांनाही काहीतरी करावंसं वाटतं. म्हणूनच तुमचा प्रश्न संशयाचा नसावा, माहितीचा असावा.

आणि एक लक्षात ठेवा. प्लाझ्मा एक्स्चेंज टीटीपी नावाच्या रक्ताच्या आजारात, ग्वीलन-बारेसारख्या नसांच्या आजारात खरोखर उपयोगी आहे. काही विषबाधांमध्ये रक्त गाळण्याचा फायदा होतो. तुमच्या रुग्णाला असं काही निदान झालं असेल तर वरचा सेप्सिसचा हिशोब त्याला लावू नका.

फिल्टरच्या आधी या गोष्टी झाल्या का?

सेप्सिसमध्ये जीव वाचवणारं काम बहुतेक वेळा साधं असतं आणि ते पहिल्या काही तासांत व्हावं लागतं. पोटात आतडं फुटलेलं असेल, पित्ताशयात पू असेल, मूत्रवाहिनीत खडा अडकून वर लघवी कुजत असेल, मधुमेहाच्या पायात पू खोलवर शिरला असेल, तर तिथला पू बाहेर काढेपर्यंत रक्त गाळत बसणं म्हणजे विहिरीत घाण पडत असताना वरचं पाणी उपसत बसण्यासारखं आहे. मला निवडायला सांगितलं तर मी पैसे आणि वेळ आधी इथे लावीन.

विचारून घ्या:

- जंतुसंसर्गाचं मूळ कुठे आहे? सोनोग्राफी किंवा सीटी झाली का?
- पू काढण्याची, नळी घालण्याची किंवा ऑपरेशनची गरज आहे का? असेल तर कधी? ‘रुग्ण स्थिर झाल्यावर’ असं उत्तर आलं तर, मूळ काढल्याशिवाय तो स्थिर होईल का, हेही विचारा.
- ब्लड कल्चर पाठवलं का, त्यात काय आलं, चालू अँटिबायोटिक त्या जंतूवर चालतं का? शॉकमध्ये पहिला डोस शक्यतो तासाभरात जायला हवा, कल्चरसाठी त्याला उशीर करू नये.
- मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, स्क्रब टायफस यांची तपासणी झाली का? पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत आपल्याकडे ही यादी विसरता येत नाही. स्क्रब टायफसला स्वस्तातलं डॉक्सिसायक्लिन लागतं, पण ते आठवावं लागतं.
- रुग्णाच्या अंगातली जुनी कॅथेटरं, सेंट्रल लाइन जंतूंचं घर झाली आहेत का?

या प्रश्नांची ठोस उत्तरं मिळत नसतील आणि तरी फिल्टरची सही मागितली जात असेल, तर आधी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

फिल्टरचा त्रास काय होऊ शकतो?

- अँटिबायोटिकही फिल्टरला चिकटून रक्तातून निघून जातं. हा सगळ्यात दुर्लक्षित धोका. ज्या औषधावर जीव अवलंबून आहे, त्याचीच पातळी खाली येते. ‘फिल्टर चालू असताना अँटिबायोटिकचा डोस आणि वेळ बदलली का?’ हे नक्की विचारा. डायलिसिसलाही हा प्रश्न लागू आहे.
- रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिल्यास रक्तस्राव. नुकतंच ऑपरेशन झालेल्या किंवा प्लेटलेट कमी असलेल्या रुग्णात सिट्रेटचा पर्याय आहे का, पाहा.
- प्लेटलेट आणखी कमी होणं. डेंग्यूत हे विशेष महत्त्वाचं.
- मशीन सुरू होताना रक्तदाब घसरणं, अंग गार पडणं.
- पोटॅशियम, फॉस्फेट गरजेपेक्षा खाली जाणं.
- जाड कॅथेटरमधून नवा जंतुसंसर्ग, शिरेत गुठळी.

तरीही लावायचं ठरत असेल तर

‘लावा’ आणि ‘नको’ यांच्यामध्ये एक तिसरी वाट आहे: मुदत ठरवून प्रयत्न. डॉक्टरांशी बसून आधीच ठरवा,

१. कशासाठी लावतोय. बीपीच्या औषधाचा डोस किती उतरला, लॅक्टेट किती उतरलं तर उपयोग झाला म्हणायचं?

२. किती वेळ बघायचं. पॉलिमिक्सिन फिल्टरचं एक सत्र साधारण दोन तासांचं असतं आणि चोवीस तासांत दोन सत्रं होतात. सायटोसॉर्बचं एक कार्ट्रिज जास्तीत जास्त चोवीस तास चालतं.

३. फरक दिसला नाही तर पुढचं कार्ट्रिज मागवायचं नाही, हे आजच ठरवून केसपेपरवर लिहून घ्या.

४. एकूण खर्च. कार्ट्रिज, नळ्यांचा सेट, कॅथेटर, मशीनचं भाडं, डॉक्टरांची फी, सगळं मिळून.

खर्च करणारं घर आणि रुग्णाचे निर्णय घेणारं घर एकच असावं. परदेशातला भाऊ फोनवरून ‘पैशांचं बघू नका’ म्हणतो आणि गावातल्या बहिणीच्या सोन्यावर कर्ज निघतं, असं व्हायला नको. बोलणारा एकजण नेमा. डॉक्टरांशी रोज ठरावीक वेळी त्याने बोलावं, ऐकलेलं वहीत लिहावं आणि घरच्या सगळ्यांना तेच सांगावं.

‘नाही’ म्हटलं तर?

फिल्टर नाकारल्याने उपचार थांबत नाहीत. अँटिबायोटिक, सलाइन, बीपीची औषधं, व्हेंटिलेटर, गरज पडल्यास डायलिसिस, हे सगळं चालूच राहतं, राहायलाच हवं. तज्ज्ञांच्या सूचनांत ज्याची शिफारस नाही, असा उपचार नाकारताना ‘आपण कमी पडलो’ असं स्वतःला लावून घेऊ नका. नकार लिहून देताना तो फक्त त्या कार्ट्रिजपुरता लिहा. ‘पुढील उपचार नको’ असा मोघम मजकूर असेल तर सही करण्याआधी दुरुस्त करून घ्या.

संमती आणि कागदपत्रं: तुमचे हक्क

- २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संमती घेताना उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदा, पर्याय, मोठे धोके आणि नकार दिल्यास काय होईल, हे सांगायला हवं. छापील अर्जावरची सही म्हणजे समजून दिलेली संमती नव्हे. अर्ज मराठीत मागा, किंवा वाचून समजावून सांगायला सांगा.
- जीव लगेच धोक्यात असेल तर डॉक्टर संमतीसाठी न थांबता उपचार करू शकतात. पोटॅशियम वाढून हृदय थांबायच्या बेतात असताना हे योग्यच आहे.
- राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत माहितीचा, दुसऱ्या मताचा, दर कळण्याचा, औषधं कुठून घ्यायची हे निवडण्याचा आणि कागदपत्रं मिळण्याचा हक्क आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं खासगी रुग्णालयांवर बंधनकारक आहे.
- रुग्णालयात असताना रोजच्या तपासण्यांचे आकडे मागा, अहवालांच्या प्रती घ्या. नोंदींसाठी लेखी अर्ज केल्यावर त्या ७२ तासांत द्याव्यात असा वैद्यक परिषदेचा नियम आहे.
- कार्ट्रिजच्या खोक्यावर छापलेली किंमत, बॅच क्रमांक आणि स्टिकर बघा, फोटो काढून ठेवा. छापील किमतीपेक्षा जास्त आकारता येत नाही. वापरलेल्या कार्ट्रिजचं स्टिकर केसपेपरला लावलेलं असावं.
- बिल बाकी आहे म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही.

पैशांचं काय?

आरोग्यविमा असेल तर कार्ट्रिज लावण्यापूर्वी रुग्णालयाच्या विमा विभागाकडून लेखी पूर्वमंजुरी मागवायला सांगा. पॉलिसीच्या प्रमाणित अपवादांत ‘सिद्ध न झालेले उपचार’ असा एक अपवाद असतो. त्याच्या आधारे फिल्टरचा दावा फेटाळला जाण्याची शक्यता खरी आहे आणि ते डिस्चार्जच्या दिवशी कळलं तर भरपाई तुमच्या खिशातून होते. डायलिसिसला सहसा ही अडचण येत नाही. कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीने तासाभरात निर्णय द्यावा, असं विमा नियामकाचं २०२४ चं परिपत्रक सांगतं, त्यामुळे ‘मंजुरीला दोन दिवस लागतील’ हे उत्तर मान्य करू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, शिधापत्रिका आणि आधार जवळ ठेवा. आयसीयूतले कोणते उपचार आणि डायलिसिसचं कोणतं पॅकेज लागू होतं, हे त्याच्याकडून लेखी घ्या. धर्मादाय ट्रस्टचं रुग्णालय असेल तर दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दराने राखीव असतात. समाजसेवा अधिकाऱ्याकडे अर्ज करा, तहसीलदारांचा उत्पन्न दाखला जोडा. नकार मिळाला तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाता येतं. हे सगळं डिस्चार्जच्या वेळी नव्हे, दाखल झाल्यावर लगेच करायचं.

पैसे संपत आल्याने रुग्णाला सरकारी रुग्णालयात हलवायचं असेल, तर आधी तिथे खाट आणि व्हेंटिलेटर असल्याची खात्री करा. डॉक्टर असलेली १०८ किंवा खासगी कार्डियाक रुग्णवाहिका घ्या आणि सोबत हे न्या: सविस्तर सारांश, कल्चरचे अहवाल, शेवटच्या अँटिबायोटिकची वेळ, सीटीची सीडी, चालू औषधांचे डोस.

सुधारणा दिसत नसेल तेव्हा

एकामागून एक अवयव थांबत असताना अनेक घरं ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध’ लिहून देऊन रुग्णाला घरी नेतात आणि शेवटचे तास श्वास कोंडत जातात. तसं करण्याची गरज नाही. पुढचे उपचार वाढवायचे की नाहीत याची चर्चा तुम्ही स्वतः सुरू करू शकता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने आणि २०२३ मध्ये सोप्या केलेल्या पद्धतीने, बरं होण्याची शक्यता न उरलेल्या रुग्णाचे कृत्रिम आधार डॉक्टरांच्या दोन मंडळांच्या संमतीने थांबवता येतात. वेदना आणि धाप कमी करणारी औषधं तेव्हाही चालू राहतात. रुग्णाने आधी लिहून ठेवलेलं वैद्यकीय इच्छापत्र असेल तर ते डॉक्टरांना दाखवा.

मशीन निघाल्यावर

लघवी वाढू लागली, क्रिएटिनिन आपोआप उतरू लागलं की डायलिसिस थांबवून पाहतात. गरज संपल्यावर मानेतला किंवा जांघेतला कॅथेटर लवकर काढायला सांगा, तो ‘असू दे, लागला तर’ म्हणून राहू देऊ नका. घरी येताना लघवीचं प्रमाण किती असायला हवं, पाणी किती प्यायचं, कोणती औषधं बंद, हे लिहून घ्या. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या आणि अनोळखी भस्मं-काढे टाळा. पहिल्या एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन आणि रक्तदाब पुन्हा बघून मूत्रपिंडं कितपत सुधारली ते किडनीच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पुन्हा ताप, थंडी, धाप, गोंधळल्यासारखं बोलणं किंवा लघवी कमी होणं दिसलं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि ‘यांना आधी सेप्सिस झाला होता’ हे दारातच सांगा.